सुपे, 12 मे आणि तुमच्या घरातल्या बह्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तराला आठ दिवस लागले. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर लगेच लिहायला बसले होते, पण पहिल्या रागात लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. तुमच्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे, तो आधी मान्य करते. मग जिथे पटत नाही तिथे येते.

मूळ लेख मी 12 मे 2025 ला लिहिला होता. 1875 मध्ये त्याच तारखेला भिमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांतून बह्या (हिशेबाच्या वह्या) आणि कर्जाचे रोखे बाहेर काढून त्यांनी जाळले, त्याला दीडशे वर्षं झाली म्हणून. सुपं आज बारामती तालुक्यात आहे. त्या घटनेवरून मी आजच्या पीककर्जावर आणि बायकांच्या गटकर्जांवर आले होते. तुम्ही लिहिलंत की तुमचं घराणं पाच पिढ्यांपूर्वी मारवाडातून याच भागात आलं, तुमच्या पणजोबांच्या वडिलांचं दुकान त्या आठवड्यांत लुटलं गेलं, आणि ज्या दिवशी एखाद्याचं दुकान जळलं तो दिवस साजरा करायचा नसतो. पुढे असंही लिहिलंत की तेव्हाची सावकारी आणि आजची रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची कर्जं एका तागडीत टाकणं अप्रामाणिक आहे. आणि लग्नं, मोटरसायकली, मोबाईल यांच्यासाठी काढलेल्या कर्जाचं खापर इतिहासावर फोडू नये.

‘साजरा’ हा शब्द मी वापरला होता. तो चुकलाच. लेखातून काढला आहे. त्याहून मोठी चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगते. सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाने 1876 मध्ये अहवाल दिला. त्यात नोंद आहे की रोष मुख्यतः गुजर आणि मारवाडी सावकारांवर होता. त्याच गावांत ब्राह्मण आणि इतर जातींचे सावकारही होते, पण ते बहुतेक ठिकाणी वाचले. म्हणजे लोकांचा राग बाहेरून आलेल्या माणसावर आधी गेला, गावातल्यावर गेला नाही. हे मला माहीत होतं आणि मी ते लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर माझी गोष्ट इतकी सरळ राहिली नसती. तुमच्यासारख्या वाचकाला ती वगळलेली ओळ टोचणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते.

त्याच अहवालातली दुसरी नोंद मात्र मला सोडवत नाही. जमावाला हवे होते ते रोखे, गहाणखतांसारखे दस्त आणि कोर्टाचे हुकूमनामे. जिथे सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले, तिथे पुढे सहसा काही झालं नाही. जिथे नकार मिळाला तिथे दमदाटी झाली, धान्याची दुकानं लुटली गेली, घरं आणि कडब्याच्या गंजी पेटल्या. मी हिंसा झाकत नाही. पण उपाशी माणसांचा जमाव आधी धान्य न मागता कागद मागतो, ही गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे. त्या कागदात असं होतं तरी काय?

1859 साली सरकारने मुदतीचा कायदा केला. हेतू चांगला होता: रोख्यावर तीन वर्षांनंतर दावा चालणार नाही, म्हणजे व्याज वर्षानुवर्षं साचणार नाही. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार शेतकऱ्याला बोलावून नवा रोखा लिहून घेई. जुनं मुद्दल आणि त्यावर चढलेलं व्याज मिळून जी रक्कम होई, ती नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढे आणि तिच्यावर नव्याने व्याज सुरू होई. आपल्याकडे दामदुप्पटीची जुनी रीत होती, व्याज मुदलापेक्षा वर जाऊ द्यायचं नाही. दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊ लागलं तर ती रीत कशाला अडवणार? आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लागलं होतं. खाली अंगठा उठवणाऱ्याला रोखा वाचता येत नव्हता, आणि इंग्रजी कोर्ट रोख्यावर जे लिहिलंय तेच खरं धरी. रोखा कसा वाढत गेला, हे विचारायची सोयच नव्हती.

आणि सरकार? त्याचा दोष मी लेखात दोन ओळींत उरकला, तो खरं तर सगळ्यांत मोठा आहे. तीस वर्षांची जमाबंदीची मुदत संपल्यावर 1867 पासून इंदापूर, भिमथडी या पट्ट्यात नवी आकारणी झाली आणि सारा, म्हणजे जमिनीवरचा सरकारी कर, कुठे दीडपट, कुठे दुपटीपर्यंत गेला. मधली काही वर्षं अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) मुंबई इलाख्यात कापसाचा पैसा खेळत होता, सावकार हात सैल सोडून उचल देत होते. भिमथडी, शिरूर, श्रीगोंदा हा ज्वारी-बाजरीचा जिरायत मुलूख, तिथे कापूस फारसा नव्हता, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण कर्ज सैल होणं आणि युद्ध संपल्यावर एकदम आवळलं जाणं, हे त्या मुलखापर्यंतही पोचलं. सारा रोख भरायचा, तो भरायला पुन्हा सावकार. तुमच्या पूर्वजांनाही त्या कचाट्यात सरकारनेच उभं केलं होतं, असं मला वाटतं. सरकारने वाढवलेल्या साऱ्याची वसुली शेवटी त्यांच्याच दारातून होत होती, आणि संतापलेली माणसं कलेक्टर कचेरीऐवजी त्यांच्या दारात आली. पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांत मिळून 951 जणांना अटक झाली, 501 जणांना शिक्षा झाली. तिसेक गावांचं प्रकरण, काही आठवड्यांत शमलं. ‘मोठा उठाव वगैरे नव्हता’ हे तुमचं वाक्य मी मान्य करते.

आता ‘आजची कर्जं वेगळी आहेत’ याकडे येते. इथे माझं मत बदललेलं नाही.

माझे वडील एकतीस वर्षं गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचे, सचिव होते. लहानपणी मार्च महिना म्हणजे आमच्या घरात रात्री अकरापर्यंत माणसं. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, ‘नवं-जुनं’. तुम्ही शेतीशी संबंधित दिसता, तुम्हाला शब्द माहीत असेलच. इतर वाचकांसाठी सांगते. खरिपाचं पीककर्ज 31 मार्चच्या आत पूर्ण फेडलं तर व्याजात सवलत मिळते, आणि आज तीन लाखांपर्यंत ते व्याज शून्यावर येतं. योजना चांगलीच आहे. पण मार्चअखेर हातात पैसा असतोच असं नाही. उसाचं बिल अडकलेलं असतं, कांद्याला भाव नसतो. मग गडी गावातल्या कोणाकडून तरी पंधरा दिवसांच्या बोलीवर शेकडा पाचाने पैसे उचलतो, सोसायटी भरतो, नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून ते पैसे परत करतो. कागदोपत्री कर्ज फिटलं आणि नवं मिळालं. प्रत्यक्षात तेच कर्ज अंगावर, शिवाय पंधरा दिवसांचं व्याज गेलं, आणि मंजुरीला उशीर झाला तर महिन्या-दोन महिन्यांचं. वडिलांच्या खाजगी वहीत मी या आठवड्यात बघितलं: एका शेतकऱ्याचं नाव नऊ वर्षं ओळीने आहे, दर मार्चला भरणा, दर मे-जूनला उचल, आणि रक्कम दर वेळी थोडी वाढलेली. सोसायटीच्या दप्तरात हा माणूस उत्तम खातेदार. 1859 नंतरचा तीन वर्षांचा रोखा आणि हे नवं-जुनं यांत मला जे सारखेपण दिसतं ते सावकाराच्या जातीत किंवा व्याजाच्या दरात नाही. फेड झाल्यासारखी दिसते आणि कर्ज पुढच्या पानावर जातं, ते सारखं आहे.

दरांचं तुम्ही विचारलंत. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण कर्जावर 12 टक्के, एवढीच मुभा आहे. गावोगाव बायकांचे गट करून कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांना हा कायदा लागू होत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येतात. आणि रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 च्या निर्देशांत त्यांच्यावरची व्याजाची कमाल मर्यादा काढून दर ठरवणं कंपन्यांच्याच संचालक मंडळांवर सोपवलं. वीस टक्क्यांच्या पुढचे दर सर्रास दिसतात. त्याच निर्देशांत कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ते असू शकतात. बारा हजारांत चालणाऱ्या घराला सहा हजारांचे हप्ते नियमात बसतात! देखरेख आहे हे खरं. पण त्या देखरेखीखाली घर कसं चालतं ते मी माझ्या मावशीकडे बघितलंय.

मावशीने पहिलं कर्ज शिलाई मशीनसाठी घेतलं आणि वेळेवर फेडलं. दुसरं काकांच्या ऑपरेशनला. तिसरं, दुसऱ्या कंपनीकडून, आधीच्याचे हप्ते भरायला. दर आठवड्याला मीटिंग, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी मिळून भरायचा, त्यामुळे शेजारीण शेजारणीच्या दारात वसुलीला उभी. मी विचारलं, व्याज किती? तिला हप्ता पाठ होता, वार पाठ होता, दर माहीत नव्हता. सही कुठे केलीस? ‘केली कुठं, मोबाईलवर नंबर आला तो त्या पोराला सांगितला.’ मावशी सातवी शिकलेली आहे, रोज पेपर वाचते.

लग्नं आणि मोटरसायकली म्हणालात. अगदी हाच आरोप तेव्हाही होता, आणि आयोगाने तो तपासला होता. लग्नकार्यांवरच्या खर्चाला कर्जबाजारीपणाचं कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिलं गेलं आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. साध्या गरजेसाठी घेतलेल्या लहान कर्जांची बेरीज जास्त भारी पडत होती. तो आयोग काही रयतेचा पक्षपाती नव्हता. 2019 च्या केंद्राच्या नमुना पाहणीत देशातल्या निम्म्याहून किंचित जास्त शेतकरी कुटुंबांवर कर्ज निघालं; सगळ्या शेतकरी कुटुंबांची मिळून सरासरी धरली तर कुटुंबामागे 74,121 रुपये. एवढं सगळं झाल्यावरही, सहकारी सोसायट्या, बँकांचं राष्ट्रीयीकरण, नाबार्ड, त्या थकबाकीतला साधारण पाचातला एक रुपया अजून धंदेवाईक सावकारांचाच होता.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने. ‘कायदे केले म्हणून काही होत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा खरोखर चांगला होता. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पूर्ण इतिहास तपासता येऊ लागला, हप्ते बांधून देता येऊ लागले, कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद झालं. पण पुढे काय झालं? गहाणखताऐवजी खरेदीखतं होऊ लागली. कागदावर जमीन विकली, तोंडी बोली अशी की पैसे फेडलेस की परत लिहून देतो. आणि हे आजही होतं. 2014 च्या कायद्यात सावकारीपोटी गेलेली जमीन जिल्हा निबंधकाकडे दाद मागून परत मिळवायची तरतूद घालावी लागली, ती याच खरेदीखतांमुळे. आमच्या ओळखीच्या एका घराचे दोन एकर असेच गेलेत आणि अर्ज चौथं वर्ष पडून आहे. स्मरणदिनी हे लिहायचं नाही, तर कधी?

शेवटी एक विनंती. तुम्ही ओझरतं लिहिलंत की दुकान लुटलं गेलं तरी नंतरच्या काही मोडीतल्या बह्या घरात माळ्यावर आहेत. त्याच काळात कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेने नगरच्या कलेक्टरला अर्ज केला होता. त्यात म्हटलंय की सावकार उधारीचा माल रोखीपेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के चढ्या भावाने देतात; शेतातलं धान्य जमा धरतो म्हणून नेतात, पण ते खात्यात लिहीतच नाहीत आणि पावतीही देत नाहीत. आजवर आपण ही तक्रार एकाच बाजूने वाचत आलो. तुमच्या बह्यांत जमेच्या बाजूला धान्य चढलेलं आहे का, कोणत्या भावाने, बाकी पुढच्या पानावर कशी नेली आहे, हे बघता आलं तर फार मोलाचं होईल. मला मोडी जेमतेम येते, पण चांगली मोडी वाचणारे एक गृहस्थ बरोबर येतील. बह्या तुमच्या घराबाहेर जाणार नाहीत, तुमच्या परवानगीशिवाय फोटो काढणार नाही, कुळांची, म्हणजे कर्जदारांची, नावं लिहिणार नाही. तुमच्या घरचं धान्य चोख जमा झालेलं निघालं तर मिरजगावच्या अर्जाशेजारी तेही तेवढ्याच ठळकपणे लिहीन.

शनिवार-रविवार मला मोकळा असतो. तुमच्या सोयीचा वार कळवा.