‘कोणताही कुडा चालतो’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

पावसाळा लागला की कोकणातल्या गावोगावच्या ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो: ‘जुलाबावर कुड्याची साल उकळून प्या. कोणताही कुडा चालतो. कातकरी पिढ्यान्‌पिढ्या घेतात. नैसर्गिक आहे, अपाय नाही, तपासण्याची गरज नाही. साल काढल्यानं झाडाचंही काही बिघडत नाही.’ मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. यातली एक गोष्ट खरी आहे, बाकीच्या धोकादायक.

पांढरा कुडा आणि काळा कुडा ही दोन वेगळी झाडं. चीक दोघांनाही, पांढरी फुलं दोघांनाही. पण काळ्याच्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या. पांढऱ्याचे इंद्रजव, म्हणजे बिया, कडू, काळ्याचे गोडे. औषधाची साल पांढऱ्याची. रानात वावरणाऱ्याला हा फरक झाडावरच दिसतो. वाळलेली साल पुडीतून आली की शेंग नाही, फूल नाही. तिथे सालीचा छेद, म्हणजे पातळ काप, घ्यावाच लागतो. पांढऱ्या कुड्याच्या सालीत सूक्ष्मदर्शकाखाली जाड भिंतींच्या अश्मपेशींचे पुंजके दिसतात आणि त्यांच्यासोबत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. साल कुटून भुकटी केली तरी या खुणा टिकतात, म्हणून तर भेसळ सापडते! पुढची खात्री रसायनातून होते: अर्क काढून त्यात कोनेसिन हे अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त प्रभावी रसायन) आहे का, ते क्रोमॅटोग्राफीनं, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून, पाहतात.

‘अपाय नाही’ हे तर साफ चूक. हेच कोनेसिन शुद्ध स्वरूपात अमीबाच्या आमांशावर रुग्णांना दिलं गेलं, तेव्हा काहींची झोप उडाली, हातपाय थरथरले, मन अस्वस्थ झालं. घरच्या पातेल्यात किती उतरलं, हे कोण सांगणार? शिवाय प्रत्येक जुलाब अमीबाचा नसतो. लहान मुलाला आधी हवं ते पाणी: उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शौचात रक्त दिसलं किंवा मूल मलूल पडलं, तर थेट दवाखाना.

कातकरी, ठाकर कुडा वापरतात, हे खरं. पण जाणता वैदू झाड ओळखतो, माणूस पाहतो, मात्रा ठरवतो. संदेशानं हे सगळं गाळलं आणि त्यांचं नाव तेवढं पुढे केलं. याचा मला राग येतो.

राहिलं झाड. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. बुंध्याभोवती पूर्ण वेढा सोलला की मुळं उपाशी पडतात आणि झाड वाळतं. काढायचीच तर एका अंगानं अरुंद उभी पट्टी काढा आणि बाकीची साल शाबूत ठेवा.