सही द्यायची का नाही

परवा दाजी तासगावहून आले, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत सातबारा न् आठ-अ. भाच्याचं यूकेला एमएससी करायचं ठरलंय म्हणे, चाळीस लाखाच्या कर्जाला जामीनदार म्हणून माझी सही पाहिजे. कुणी ठरवलं म्हटलं तर सांगलीत विश्रामबागमधल्या, पोरं परदेशी शिकायला पाठवणाऱ्या एका कन्सल्टंटनं!

आता कडू लागंल पण बोलतो. हे लोक आपल्याकडनं फी घेत नाहीत म्हणून आपण खूश, पण यूकेच्या युनिव्हर्सिट्या त्यांना पोरामागं कमिशन देतात हो. जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्या ट्यूशन फीच घेत नाहीत, मग कमिशन कुठनं देणार? म्हणून त्या ऑफिसात जर्मनीचं नाव कुणी काढलंच नाही. तिथंबी सगळं फुकट नाही, वर्षाचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटला भरायला लागतात, म्हणजे बारा लाखाच्या आसपास, पण ते आपलेच, गेल्यावर महिन्याला ९९२ युरो हातात मिळतात. जर्मन भाषा मात्र शिकायलाच पाहिजे, नाहीतर डिग्री घेऊन नोकरीसाठी हेलपाटे. आणि यूकेत मास्टर्सनंतर थांबायला दोन वर्षं मिळायची, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज केला तर दीडच.

पोराचा गेटचा, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोर हाय. सांगलीच्या वालचंद कॉलेजला एमटेकला नंबर लागला तर महिन्याला १२,४०० स्टायपेंड, घरापासनं तासाभराची एसटी. तर म्हणतो, "मामा, वालचंदला गेल्यावर गावात फ्लेक्स कोण लावतंय?" (ह्याला काय बोलायचं सांगा.)

दाजींनी सातबारा पसरला. इतर हक्कात सोसायटीचा बोजा आधीच चढलेला. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, डावणी रोगानं निम्मे घड गेले, ते कर्ज तसंच हाय. मग हळूच म्हणाले, बँक शेतजमीन धरत नाही, तुमचा फ्लॅट दाखवला तर काम होतंय. म्हणजे सही नव्हतीच नुसती!

मी पोराला समोर बसवून सांगितलं, उद्या तिकडं नोकरी नाही लागली न् परत यावं लागलं तर चाकणच्या कंपनीतल्या पगारात हप्ता बसला पाहिजे, तेवढंच कर्ज काढ, त्यावर मी डोळे झाकून सही करतो, मग जर्मनीला जा नाहीतर कुठंबी जा. चाळीस लाखावर नाही.

पोरगं गप्प बसलं, दाजी चहा अर्धा ठेवून उठले. आक्का चार दिवस झालं फोन उचलत नाही.