मूल किती जेवलं, हा हिशेब त्याच्या आईकडे मागू नका

घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलं की येणारा-जाणारा पहिला प्रश्न विचारतो, "जेवतो का नीट?" आणि विचारताना बघतो ते मुलाच्या आईकडे. बापाकडे नाही, आजी-आजोबांकडे नाही. माझी सून हसून उत्तर देते, चहा करते, पाहुण्यांना दारापर्यंत पोचवते. मग पोराला जवळ घेऊन त्याचा दंड चाचपून बघते, खरंच बारीक झालाय का म्हणून. नोकरी करून, रात्रीची जागरणं काढून मूल वाढवणाऱ्या मुलीला रोज ही परीक्षा का द्यावी लागते? मला ते बघवत नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही बडोद्याचे. दांडिया बाजारात पिढ्या गेल्या, आता मांजलपूरला राहतो. नातलग मराठी, शेजार गुजराती आणि दोघांचाही आमच्या नातवावर सारखाच हक्क. "बहु पातळो लागे छे," म्हणजे फार बारीक दिसतो, असं शेजारच्या बा म्हणतात. "आमचा या वयात दोन पोळ्या खायचा," असं चुलत नणंद फोनवर सांगते. मायेनंच म्हणतात सगळ्या, त्याबद्दल शंका नाही. पण त्या मायेचं ओझं शेवटी एकाच खांद्यावर पडतं.

नातू पावणेदोन वर्षांचा आहे. सकाळी उठल्यापासून घरभर पळतो, सोफ्यावर चढतो, आजोबांचा चष्मा घेऊन पलंगाखाली जातो. आणि जेवायला बसवलं की चार घासांत मान फिरवतो. अगदी आवडीचा गुरगुट्या भात असला, वर मेतकूट-तूप असलं तरी. सहा महिन्यांपूर्वी हेच मूल वाटी चाटूनपुसून साफ करत होतं. साहजिकच घरात काळजी सुरू होते.

यामागचं कारण साधं आहे आणि ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ वर्षाचं होईतो नऊ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात मात्र ते साधारण दोन-अडीच किलोनंच वाढतं. वाढीचा वेग एवढा उतरला तर भूकही उतरणारच. मूल आजारी पडलेलं नसतं आणि आईचा हातही बिघडलेला नसतो. शिवाय या वयात ती रोज सारखी खात नाहीत. आज दोन घास, उद्या दिवसभर "अजून, अजून". एका जेवणाकडे बघून काही ठरवायचं नसतं, सगळ्या आठवड्याचं मिळून बघायचं असतं.

मी इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात होम सायन्स शिकले. तिथल्या चेतन बालवाडीत आम्हाला मुलांजवळ बसून नुसतं बघायला लावायचे. मध्ये बोलायचं नाही, हात लावायचा नाही. मूल स्वतःचं स्वतः किती करतं, हे मला तिथं दिसलं. गुजरातला ही दृष्टी तशी नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढलं, बालशिक्षणातल्याच आपल्या ताराबाई मोडक पुढे तिथंच त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या. मुलाला त्याच्या हातानं करू द्या, हा त्या सगळ्या कामाचा गाभा. शाळेबाबत आपल्याला हे पटतं. मग ताटावर बसल्यावर का विसरतो?

आमच्या घरी आता हे असं चालतं. काय शिजवायचं, किती वाजता वाढायचं आणि कुठे बसवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे त्यानं. तो पाटावर बसतो, समोर छोटी ताटली. वरणभात मुठीत घट्ट आवळतो, बोटांच्या फटींतून वर आलेला भात आधी निरखून बघतो आणि मग चाटतो. तूप कोपरापर्यंत ओघळतं. एखादं शीत भुवईला चिकटलेलं असतं. मध्येच एक घास उचलून आजोबांच्या तोंडासमोर धरतो आणि ते खाईपर्यंत हात खाली घेत नाही. आजोबांनी खाल्लं की स्वतःच टाळ्या वाजवतो. हा आनंद मला घरातल्या कुठल्याही सणापेक्षा कमी वाटत नाही. खाली पसरलेला सांडलवंडीचा कागद उचलायला दोन मिनिटं लागतात, त्याचं काय एवढं!

त्यानं तोंड मिटलं, मान वळवली, ताटली लोटली की जेवण संपलं. पुन्हा त्याच्यामागे वाटी घेऊन धावायचं नाही. चिऊचा घास, काऊचा घास आम्हीही भरवतो, चिमणी दाखवतो, गाणी म्हणतो. तो लाड आहे आणि तो असावाच. पण नाक दाबून, हात धरून, रडत्या तोंडात घास कोंबणं हा लाड नाही. घास श्वासनलिकेत जायची भीती असते ती वेगळीच.

आता मोबाइलबद्दल. "मोबाइल आपो ने, खाई लेशे," हा सल्ला आम्हाला सर्रास मिळतो. खाईल, हे खरं आहे. कार्टूनकडे बघत तोंड उघडेल आणि वाटी रिकामी होईल. पण आपण काय खाल्लं आणि पोट कधी भरलं, हे त्याला कळणारच नाही. भूक आणि तृप्ती ओळखणं हे या वयातलं मोठं शिक्षण आहे, तेच आपण हिरावून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, दोन वर्षांनंतरही दिवसाला एका तासाच्या आत आणि तेवढीही कमी असली तर बरी. त्याच सूचनांत म्हटलंय की एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी. भूक तिथून येते. आमचे आजोबा त्याला कमाटीबागेत नेतात. सयाजीरावांनी १८७९ साली केलेली ही बाग आजही बडोद्यातल्या प्रत्येक लहान मुलाची आहे. गवतात पळून, पक्ष्यांना हाका मारून घरी आलेलं पोर पोळीचा तुकडा स्वतःहून मागतं.

काळजी करूच नये, असं मी म्हणत नाही. काळजी योग्य जागी करावी, एवढंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार देशात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्क्यांना रक्तक्षय आहे आणि आपल्या गुजरातेत जवळपास ८० टक्क्यांना. हे आकडे वाचल्यावर माझं मन दिवसभर थाऱ्यावर नव्हतं. यात ज्यांच्या घरी खायला पुरेसं नाही अशी मुलं आहेत, त्यांचा प्रश्न फार मोठा आणि वेगळा आहे. पण रक्त कमी असलेली मुलं खात्यापित्या घरांतही असतात. गुटगुटीत दिसणाऱ्या मुलाचंही रक्त कमी असू शकतं आणि त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते "छान खातं".

जेवत नाही म्हणून दूध, पुन्हा जेवला नाही म्हणून पुन्हा दूध, रात्री झोपताना बाटली, हे चक्र किती घरांत चालतं! दुधात लोह नसल्यासारखंच आणि लोह कमी पडलं की रक्त कमी होतं. या वयाला दिवसभरात अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की पोट त्यानंच भरतं आणि जेवणाला जागा उरत नाही. बाटली तोंडात ठेवून झोपवलं तर दात किडतात ते आणखी. दुसरं म्हणजे चहात बुडवलेलं बिस्किट. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, लहान मुलाला त्याचं काहीही काम नाही. त्यापेक्षा मुगाची खिचडी, पालक घातलेलं वरण, वर लिंबू पिळलेलं. लिंबानं लोह चांगलं शोषलं जातं. सरकारी कार्यक्रमात या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप देतात, एका वेळी एक मिली. आपल्या मुलाला ते मिळतंय का, हे जरूर विचारा. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणून सोडूही नका. काही मुलांना एखादी चव पटायला आठ-दहा वेळा ती समोर यावी लागते.

भूक लागण्याचं औषध दुकानातून परस्पर आणू नका. अशा काही औषधांत मुळात ॲलर्जीवरचंच औषध असतं, त्यानं मूल पेंगतं.

मूल वाढतंय की नाही, हे शेजारच्या मुलाशी ताडून कळत नाही. त्यासाठी वजन-उंचीचा तक्ता असतो. आपल्याकडे ममता कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्या आणि लसी नोंदवायच्या सरकारी कार्डावर, तो छापलेला आहे, पण किती घरांत तो लसीच्या तारखेपलीकडे उघडला जातो? या तक्त्यामागची जागतिक आरोग्य संघटनेची २००६ सालची मानकं सहा देशांतल्या मुलांना मोजून ठरवली, त्यांत आपल्या दिल्लीची मुलंही होती. मूल खालच्या रेषेवर असलं तरी त्याच रेषेला धरून वर चाललं असेल तर बहुतेक वेळा ते ठीक असतं. रेषा आडवी झाली, खाली घसरली, मूल मलूल किंवा फिकट दिसू लागलं, गिळताना वारंवार ठसका लागू लागला, तर लगेच डॉक्टरांकडे जा. तिथं मात्र "होईल बरं" म्हणून थांबू नका.

नातलगांनो, आता पुढच्या महिन्यात आमच्याकडे कुळाचाराला सगळे येणार आहात. आताच सांगून ठेवते, रागावू नका. भरूचहून येणाऱ्यांनी खारी सिंग आणावी, मोठे आवडीनं खातील. पण पोराच्या हातावर एकही दाणा ठेवू नका. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष या वयात घशात अडकतं आणि पळता-हसताना तर फारच पटकन. त्याला दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर चालते. त्याच्या पंगतीला कुणीही फोन काढायचा नाही. सुनेला "जेवतो का?" विचारू नका. विचारायचंच असेल तर "तू जेवलीस का?" विचारा आणि ती जेवेपर्यंत पोराला अंगणात घेऊन जा.