गादीचा तळ उघडा का ठेवला: एका प्रतिक्रियेला उत्तर

१९५८ साली बाजारात आलेल्या सीरिज टू लँड रोव्हरच्या सीटा घरी नव्याने मढवण्याविषयी मी लिहिले, त्यावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवले आहेत. घरगुती शिलाई मशीनची टीप रेक्झिनवर टिकत नाही आणि गादीचा तळ प्लॅस्टिकने बंद करायला हवा होता, असे आपले म्हणणे आहे. एकूणच हे काम कारागिराचे आहे, असेही आपण लिहिले आहे.

तळाचा मुद्दा आधी घेतो, कारण माझ्या मते या कामाचा गाभाच तो आहे. उघड्या गाडीची सीट पावसात भिजणार, हे गृहीत धरूनच ती बांधावी लागते. रेक्झिन कितीही उत्तम असले तरी टिपेच्या छिद्रांतून पाणी आत जाते; सुती धाग्याने शिवलेल्या कॅनव्हासमध्ये धागा भिजून फुगतो आणि छिद्र बऱ्यापैकी बुजते, तसे रेक्झिनमध्ये होत नाही. शिवाय माणूस बसला की फोममधली हवा बाहेर पडते आणि तो उठला की गादी पुन्हा फुगताना हवा आत ओढून घेते. अशा वेळी शिवणीवर पाणी साचलेले असेल, तर हवेबरोबर तेही आत जाते. तळ बंद केला तर ही सगळी ओढ शिवणींवर येते आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. तळाच्या प्लायवूडला भोके ठेवली की हवा तिथून खेळते आणि पाणी खाली निथळते. आपण सुचवलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म मी वापरली आहे, पण ती फोमच्या फक्त वरच्या अंगाला. तिच्यामुळे खोळ चढवतानाही ती फोमवर अडकत नाही.

जुनी खोळ काढली तेव्हा प्लायवूडच्या पुढच्या कडेचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटलेले होते आणि स्टेपलच्या जागी केवळ गंजाचे डाग उरले होते. मधला भाग मात्र ठणठणीत होता. प्लायवूड पाणी पिते ते कडांनी. म्हणूनच नव्या फळीच्या कडांना, आणि भोकांच्या आतूनही, व्हार्निशचे हात देणे आणि स्टेनलेस स्टीलचे स्टेपल वापरणे मला रेक्झिनच्या निवडीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

मशीनबद्दल आपली शंका अर्धी बरोबर आहे. पाइपिंग (शिवणीत बसवलेली दोरीची गोल किनार) घातलेल्या कोपऱ्यावर रेक्झिनचे चार थर एकत्र येतात आणि तिथे मोटरच्या जोरावर शिवू नये. चाक हाताने फिरवत एकेक टाका घालावा. ज्यांचे मशीन १८ नंबरची सुई आणि जाड धागा पेलत नाही, त्यांनी शिवण बाहेरून करून घेणेच योग्य. परंतु टीप टिकते ती प्रामुख्याने धाग्यावर आणि टाक्याच्या लांबीवर. नायलॉनपेक्षा पॉलिस्टरचा धागा उन्हाला अधिक तग धरतो, आणि टाका ४ ते ५ मिलिमीटरचा ठेवावा, कारण फार बारीक टाके घातले तर जवळजवळ पडलेल्या छिद्रांच्या रेषेवरच रेक्झिन फाटते.

कुशल कारागिराच्या हाताची सफाई माझ्या कामात नाही, हे मला मान्य आहे आणि त्या हुन्नराबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही जुनी खोळ मालकाने स्वतः उसवावी, असा माझा आग्रह राहील. ती कात्रीने न कापता शिवणी उसवून काढली, तर प्रत्येक तुकडा नव्या कापडासाठी नमुना ठरतो. मात्र जुने रेक्झिन वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडक होऊन आकसलेले असते, म्हणून तुकडे नव्या फोमवर ठेवून मापे पडताळल्याशिवाय कापायला घेऊ नये. आपण काम कारागिराकडे देणार असाल, तर हे खुणा केलेले तुकडे सोबत द्यावेत आणि तळाला भोके हवीत, हे आधीच सांगून ठेवावे.