मॅच्युरिटी फक्त एफडीलाच येते का?

आज सकाळी मुलुंडला, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक चौतिशीचा मुलगा आला. हो, मुलगाच म्हणतोय. वडील जाऊन महिना झालाय. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीतल्या सभासदत्वाचा कागद. लॅमिनेट केलेलं! बिचाऱ्यांनी जपायला म्हणून केलं असणार. पण नाव बदलल्याची नोंद त्याच कागदाच्या मागच्या रकान्यांत होते. प्लास्टिकवर सही-शिक्का कसा मारणार? सोलायला जाल तर कागद फाटतो. आता डुप्लिकेटसाठी अर्ज, हमीपत्र, सगळी वरात.

"नॉमिनेशन केलेलं का?"
"पप्पांना माहीत."

डोकंच फिरलं. स्टेटसला 'मोठं होणं म्हणजे शांत होणं' टाकणारी हीच मंडळी! शांत नंतर व्हा, आधी घरातलं कपाट उघडा. सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म तीन प्रतींत भरायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, कमिटीच्या सभेत नोंद झाली की एक प्रत शिक्क्यासकट परत मागून घ्यायची. तीच कुणी मागत नाही, मग कमिटी बदलते आणि फाइल सापडत नाही. बँकेत नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात. एकदम चौघांना वाटून द्यायचं तर टक्के लिहा, बेरीज 100 आली पाहिजे. लॉकरला मात्र एकामागून एक असेच क्रमाने.

आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हो! तो फक्त सांभाळणारा. हक्क ठरतो मृत्युपत्रावर, ते नसेल तर वारसा कायद्याने. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि शक्यतो आपल्याहून तरुण घ्या. सत्तरीच्या मित्राची सही घेऊन ठेवाल तर ऐनवेळी तोही नसायचा.

बरं, आपले वडीलही काही कमी नाहीत, मान्य. विषय काढला की "माझ्या मरणावर टपलायस का?" त्यावर जेवणाचं ताट सरकवून उठायचं. म्हणून दोन पिढ्या गप्प.

त्या मुलावर उगाच आवाज चढवला मी. तो पिशवीची घडी घालत, उलगडत बसला होता. अर्जाचा मसुदा करून दिला त्याला. निघताना दारात थांबला, "काका, आईचं नॉमिनेशन आत्ताच भरून टाकू?"

म्हटलं, आधी तिचं नाव तर लागू दे. तरी फॉर्म मागून घेतले त्याने. तीन.