"चिंतेच्या गोळ्यांनी हिरड्या सडतात" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

आमच्या मावशीने सहा वर्षं चालू असलेली क्लोनाझेपाम ही चिंतेवरची गोळी गेल्या आठवड्यात स्वतःच्या मनाने बंद केली. का, तर फॅमिली ग्रुपवर मेसेज आला, "चिंतेच्या गोळ्यांनी हिरड्या सडून दात पडतात, कॅनडाच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीने सिद्ध केलंय, आजच बंद करा, मोहरीच्या तेलात मीठ घालून चोळा." तिसऱ्या दिवशी गेलो तर हात इतके थरथरत होते की बशीतला चहा तोंडापर्यंत पोचेना, सगळा पदरावर, आणि दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

म्हणून आधी "आजच बंद करा"वर बोलतो. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या गोळ्यांची शरीराला सवय लागते, एकदम तोडल्या की जीव घाबरा होतो, झोप उडते, काहींना फिट येते, आणि फिटने माणूस जाऊही शकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकावरचा चौकटीतला इशारा आणखी कडक करायला लावला, त्यात हे स्पष्ट आहे. डोस डॉक्टरच कमी करतात, तोही हळूहळू, कधी कधी महिने लागतात. हे न सांगता "बंद करा" लिहिणाऱ्याचा मला प्रचंड राग आलाय.

आता मॅकगिल. २०१४ चा तो अभ्यास ४९० पेशंटच्या इम्प्लांटवर आहे, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू घालून बसवलेल्या दातांवर. एसएसआरआय गटातल्या गोळ्या (नैराश्य-चिंतेवरच्याच, पण वेगळ्या प्रकारच्या) घेणाऱ्यांचे १०.६ टक्के इम्प्लांट फेल गेले, न घेणाऱ्यांचे ४.६ टक्के. हिरड्या सडण्याचा त्यात विषयच नाही, क्लोनाझेपाम एसएसआरआय नाहीच आणि मावशीच्या तोंडात एकही इम्प्लांट नाही! इम्प्लांट करायचा असेल तर चालू गोळ्या डेंटिस्टला सांगा, एवढं मात्र जरूर करा.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, यातल्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. पण ते डॉक्टरला सांगायचं, गोळी फेकायची नाही.

तेल-मिठाने दातांवरचं कीटण निघत नाही, डेंटिस्टकडे ते खरवडून काढावं लागतं, म्हणजे स्केलिंगच करावं लागतं.

मावशीची गोळी डॉक्टरांनी परत सुरू केली. हिरड्यांतून रक्त येतं हे खरंच होतं, म्हणून काल डेंटिस्टकडे नेलं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे पिवळट कीटणाचा जाड थर, हिरडी खाली सरकलेली. त्यांनी पहिला प्रश्न केला, "मावशी, मिश्री लावता का?" चाळीस वर्षं लावतेय, दिवसातून तीनदा. त्या एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये तंबाखूबद्दल एक शब्द नव्हता.