‘जेवताना पाणी’ या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

जेवताना पाणी प्यायल्याने पचन बिघडत नाही, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाने नाव न देता लिहिलं आहे: “पाण्याने जठररस पातळ होतो आणि अन्न पोटात सडतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पुस्तकं वाचून लोकांची पोटं बिघडवू नका. ‘भोजनान्ते विषं वारि’ कधी ऐकलंय का? आणि आम्लपित्तवाल्यांचं काय?”

शेवटचा प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या घशाशी आंबट येतं त्यांनी एका बैठकीला पोट तट्ट होईल इतकं काहीच घेऊ नये, पाणीसुद्धा. एवढं मान्य.

आता ‘शाळेतल्या पोरालाही कळतं’. मी सगळी नोकरी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली. शाळेतलं पोर असं ठोकून देत नाही. ते विचारतं, “सर, मग पाणी पोटात थांबतं तरी किती वेळ?” तुम्ही हे विचारलं असतंत तर मी आनंदाने सांगितलं असतं. तुम्ही एकदम निकालच दिलात, आणि तोही नाव झाकून. चर्चेची ही रीत नव्हे, आणि हे मी मुलांनाही सांगत आलोय.

तरीही सांगतो. जठर म्हणजे एकदा रस भरून ठेवलेली बरणी नाही. अन्नाच्या नुसत्या वासानेही मेंदूकडून निरोप जातो आणि रस पाझरू लागतो. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी हे कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं. 1904 सालचं त्यांचं नोबेल पचनावरच्या कामासाठीच होतं. घास आत गेला की जठर ताणलं जातं, प्रथिनं पोचली की गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तात सुटतं आणि आम्ल वाढतं. आम्लता फार वाढली की गॅस्ट्रिन आपोआप आवरतं. असा दिवसाला साधारण 2 लिटर रस तयार होतो. शिवाय जठरातली आम्लता जेवणामुळे तशीही उतरते, कारण अन्नच आम्ल शोषून घेतं. वरण, आमटी, कढी, ताक यांत बहुतेक पाणीच असतं ना? ते चालतं आणि तांब्यातलं पाणी चालत नाही, हा कुठला न्याय?

आणि ‘सडतं’ हा शब्द तर मला मुळीच पटत नाही. जठरातलं आम्ल जंतू मारतं. पाणी घन अन्नाच्या आधी पुढे सरकतं. भाकरी-भाजी मात्र जठर घुसळत राहतं, तिचे कण एक-दोन मिलिमीटरचे होईपर्यंत. खरं पचन त्यापुढे, लहान आतड्यात होतं आणि तिथे स्वादुपिंडाचा रस ते आम्ल मुद्दाम मारून टाकतो. त्या आतड्यात रोज 8-9 लिटर द्रव येतो. त्यातलं आपण खाल्लं-प्यायलेलं जेमतेम 2 लिटर, बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि आतड्याचा स्वतःचा रस. इतक्या द्रवात जे काम नीट चालतं ते एका पेल्याने बिघडेल, असं तुम्ही म्हणताय.

‘पुस्तकं वाचून’ हे मात्र मनाला लागलं. माझ्या आईला कुणीतरी असंच ठणकावून सांगितलं होतं: जेवताना थेंबभर नाही, नंतरही तासभर नाही. शेतातून उन्हाची येऊन ती कोरडी भाकरी गिळायची, आणि तास उलटेपर्यंत पुन्हा कामाला लागलेली असायची. मग पाणी राहून जायचं ते राहूनच. मोठं आतडं मळातलं पाणी ओढून घेतं. शरीरात पाणी कमी असेल तर मळ खड्यासारखा होतो. तिला मूळव्याधीचा त्रास वर्षानुवर्षं झाला. तो मी घरात पाहिलाय, पुस्तकात नव्हे. म्हणून हा लेख लिहिला. तुम्ही कुणाचं काय पाहिलंय, ते तुमच्या चार ओळींत कुठेच नाही.

श्लोकाबद्दल फार बोलत नाही. ‘भोजनान्ते विषं वारि’ म्हणजे जेवण संपल्यावर पाणी विषासारखं. पण चाणक्यनीतीतल्या त्याच श्लोकात ‘भोजने चामृतं वारि’, म्हणजे जेवताना पाणी अमृत, असंही आहे, ते तुम्ही गाळलंत. आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भटही जेवणाच्या मध्ये पाणी पिणाऱ्याचं शरीर सम, म्हणजे ना लठ्ठ ना कृश, राहतं असं सांगतो. अर्धी ओळ फेकायची असेल तर आधी उरलेली वाचावी.

पुढची प्रतिक्रिया नावासकट लिहा, हवी तेवढी कडक लिहा, उत्तर देईन. पण मी लोकांची पोटं बिघडवतो, हे वाक्य तेवढं मागे घ्या.